उद्धरणे आणि अनुशेष

डिसेंबर उजाडला की नागपुरात दोन गोष्टी हमखास येतात : संत्री आणि सरकार. हिवाळी अधिवेशन भरते, सिव्हिल लाइन्सच्या झाडांना गेरू-चुना लागतो, मोर्चे ठरलेल्या ठिकाणी अडवले जातात, आणि विधानभवनाच्या आत व बाहेर एका अर्थशास्त्रज्ञाचा दाखला दिला जातो. दाखला देणाऱ्यांपैकी अनेकांना त्याचे पूर्ण नाव सांगता येणार नाही. 'दांडेकर समितीने म्हटलेच आहे' एवढ्यावर भागते. पानठेल्यावर, एस.टी.त, वर्तमानपत्राच्या वाचकपत्रांत, न्यायालयातील याचिकांत हेच वाक्य ऐकू येते. 'अनुशेष' हा एरवी कोशातच पडून राहिला असता असा शब्द विदर्भात भाजीवाल्याच्या तोंडी आहे, त्यालाही आता चाळीस वर्षे होऊन गेली.

प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समिती महाराष्ट्र शासनाने १९८३ साली नेमली आणि तिने एप्रिल १९८४ मध्ये अहवाल दिला. प्रादेशिक असमतोल किती आहे ते मोजा, असे तिला सांगितले होते. त्या अहवालाची उद्धरणसंख्या किती, असा प्रश्न आम्हांला परवा एका तरुण प्राध्यापकाने विचारला. प्रश्न उपहासाचा नव्हता. त्याला स्वतःच्या एका निबंधात समितीचा संदर्भ द्यायचा होता आणि मार्गदर्शकांनी त्याला बजावले होते की, ज्याला नोंद नाही, क्रमांक नाही, अशा जुन्या सरकारी कागदांनी संदर्भसूची भरू नये. त्याने निबंधाचे वजन कमी होते. आम्ही निरुत्तर झालो. उद्धरणे मोजणाऱ्या यंत्रणा नियतकालिकांतील निबंधांच्या तळटिपा मोजतात. विधानसभेतील भाषण, राज्यपालांचे निर्देश, याचिका, अग्रलेख, मोर्च्याचा फलक यांची मोजदाद त्यांच्या वहीत नाही. मराठी माणसाने एखाद्या अर्थशास्त्रज्ञाचा घेतलेला कदाचित सर्वांत मोठा दाखला त्या वहीत जवळजवळ शून्य भरतो.

याच दांडेकरांचे दुसरे एक लेखन घ्यावे. नीलकंठ रथ यांच्यासह त्यांनी लिहिलेला भारतातील दारिद्र्यावरील प्रबंध जानेवारी १९७१ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'च्या दोन अंकांतून आला. दररोज माणशी २,२५० उष्मांक मिळण्यासाठी किती खर्च लागतो, हे १९६०-६१ च्या किमतींना मोजून त्यांनी खेड्यात वर्षाला १८० रुपये आणि शहरात २७० रुपये अशी रेषा धरली. त्या रेषेखाली ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के माणसे होती. या निबंधाने वाद उभा केला. साताऱ्याकडच्याच डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी उष्मांकांच्या मापालाच हरकत घेतली. एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते, मग सरासरीखालचा प्रत्येक जण उपाशी कसा, असा त्यांचा सवाल होता. दांडेकरांनी उत्तरे दिली, सुखात्म्यांनी प्रत्युत्तरे दिली. भारतातील दारिद्र्यावर लिहिणाऱ्याला आजही या निबंधाला वळसा घालून पुढे जाता येत नाही. हे लेखन मात्र यंत्रणांच्या वहीत ठळक आहे, आणि ते योग्यच आहे.

लेखक एक, कसोशी तीच, आकड्यांशी इमान तेच. एका ठिकाणी वाचक होते विद्यापीठांतले, दुसऱ्या ठिकाणी एका राज्यातले. पहिल्याला 'प्रभाव' म्हणायचे आणि दुसऱ्याला काहीच म्हणायचे नाही, ही आजची रीत आहे. या रीतीविषयी आम्हांला काही सांगायचे आहे, कारण तिच्या पापात आमचाही वाटा आहे.

काही वर्षांपूर्वी विदर्भातील एका महाविद्यालयाच्या पदोन्नती समितीवर आम्ही बाहेरचे सदस्य म्हणून बसलो होतो. महाविद्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथे जे घडले ते कुठेही घडते. समोर अर्थशास्त्राचे दोन शिक्षक होते. एकाचे बावीस वर्षांचे काम कापसावर. कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ साली सुरू झाल्यापासूनच्या हमीभावांचे, अंतिम भावांचे, चुकाऱ्यांना लागलेल्या विलंबाचे तक्ते त्यांनी खरेदी केंद्रांवर हेलपाटे घालून जमवले होते. लेखन बहुतेक मराठीत, स्थानिक नियतकालिकांत, दिवाळी अंकांत, एक पुस्तिका तर पदरमोड करून छापलेली. दुसऱ्या शिक्षकाचे तीन वर्षांत अकरा शोधनिबंध. प्रत्येक नियतकालिकाच्या नावाची सुरुवात 'इंटरनॅशनल' या शब्दाने होत होती, आणि प्रत्येक निबंधात उरलेल्या निबंधांचे दाखले अगदी बंधुभावाने दिलेले होते. तक्ता समोर होता, रकाने भरायचे होते. पहिल्या गृहस्थांच्या उद्धरणांच्या रकान्यात शून्य आले. आम्ही बेरीज तपासली, बरोबर होती, आणि सही केली. चहा आला. अकरा निबंधांपैकी एकही आम्ही वाचला नव्हता, आणि ती पुस्तिकाही नाही. ती टेबलावरच होती. तिच्यावर बशी ठेवलेली आम्हांला आठवते.

आता जरा त्या रकान्यांची कुळकथा पाहू. युजीन गारफिल्ड यांनी विज्ञानातील उद्धरणांची सूची १९६४ साली प्रसिद्ध केली ती संशोधकाला वाट सापडावी म्हणून : एखादा निबंध हाती आला तर पुढे त्याचे काय झाले, कोणी तो वापरला, कोणी खोडला, हे कळावे. ग्रंथपालाच्या कामाची वस्तू होती ती. कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी २००५ साली 'एच' निर्देशांक सुचवला : ज्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी निदान दहा दाखले मिळाले त्याचा निर्देशांक दहा. वाट दाखवणारी पाटी अशा रीतीने माणूस तोलणारा तराजू झाली. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने शिक्षकाच्या कामाला गुण लावले. २०१८ च्या नियमावलीत पुस्तक आंतरराष्ट्रीय प्रकाशकाने काढले तर १२ गुण, राष्ट्रीय प्रकाशकाने काढले तर १०. पुस्तकात काय आहे, याला रकाना नाही. गुण लागताच बाजार आला. पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापणारी नियतकालिके इतकी माजली की, मे २०१८ मध्ये आयोगालाच आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. मग 'केअर' नावाची नवी यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून आयोगाने निवडीचे काम संस्थांवर सोपवले.

या साऱ्याचे अर्थशास्त्रज्ञांना नवल वाटावे, याचे आम्हांला अधिक नवल वाटते. मोजमापाला उद्दिष्ट केले की ते मोजमाप राहत नाही, हे त्यांच्याच घरातले ज्ञान आहे. चार्ल्स गुडहार्ट या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली चलनधोरणाच्या संदर्भात ते मांडले. एम.ए.च्या वर्गात हा नियम शिकवायचा आणि दुपारी कर्मचारी कक्षात बसून आपले दाखले वाढवायचे, याला काय म्हणावे? पोटाचा प्रश्न आहे, हे मान्य. आम्ही कोणा एका शिक्षकाला दोष देत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे म्हणणे केवळ गतकाळाचे उसासे ठरेल. गुणांचा तक्ता येण्यापूर्वी आपल्या महाविद्यालयांत विद्वत्तेचे राज्य होते, असे मुळीच नाही. तेव्हा 'आपला माणूस' चालत असे. जात चाले, संस्थाचालकांचे नाते चाले, ज्येष्ठता तर चालेच चाले. ज्याच्या घरी कोणी पुढारी नव्हता, अशा खेड्यातून आलेल्या पहिल्या पिढीच्या शिक्षकाला आकडा हाच आधार होता : माझे इतके निबंध आहेत, तुमच्या भाच्याचे किती? आकड्याने अनेकांना न्याय दिला आहे. म्हणूनच 'आकडे जाळा' असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीला आम्ही बसणार नाही. त्या पंगतीत संस्थाचालक आधीच पाट मांडून बसलेले असतात.

आणि लोकांच्या तोंडी असणे म्हणजेच खरा प्रभाव, असेही आम्हांला म्हणवत नाही. येथे पुन्हा दांडेकर समितीकडे यावे लागते. विदर्भात तिचा दाखला कसा दिला जातो ते नीट ऐकावे. समितीने एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांचा काढला. त्यात विदर्भाचा सुमारे १,२४६ कोटी, मराठवाड्याचा ७५० कोटी. एवढे सगळ्यांना पाठ असते. उरलेले सुमारे १,१८९ कोटी, म्हणजे एकूण अनुशेषाच्या ३७ टक्के, हे उर्वरित महाराष्ट्रातील मागे पडलेल्या जिल्ह्यांचे होते, हे आमच्याकडच्या व्यासपीठांवरून आम्ही फारसे कधी ऐकलेले नाही. याचे कारण पद्धतीत आहे. समितीने मोजणीचे माप जिल्हा धरला, प्रदेश नव्हे. रस्ते, सिंचन, खेड्यांचे विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची, जो जिल्हा तिच्या खाली असेल त्याला तेथवर आणण्यास किती पैसा लागेल तो हिशेब मांडायचा, आणि मग त्या रकमा प्रदेशवार जमवायच्या. कोकणातील आणि माणदेशाकडील कोरडा माणूस या हिशेबात होता. त्याला भाषणांतून वगळण्यात आले. पश्चिम महाराष्ट्रातील वक्त्यांनी याउलट केले. त्यांनी ३७ टक्के तेवढे उचलले आणि त्यात कोणते जिल्हे आहेत हे सांगण्याचे टाळले.

सरासरी ही हलणारी वस्तू आहे, हेही कोणी सांगत नाही. पुढे गेलेले जिल्हे आणखी पुढे गेले की सरासरी वर चढते आणि मागच्याचा अनुशेष त्याने काहीही न गमावता वाढतो. वैधानिक विकास मंडळे १९९४ साली झाली. त्यानंतरच्या निर्देशांक व अनुशेष समितीने नव्याने मोजणी केली तेव्हा आकडा चौदा हजार कोटींच्या घरात गेला. त्यात महागाई किती, सरासरीचे चढणे किती, बदललेली मापे किती आणि प्रत्यक्ष दुर्लक्ष किती, हे वेगळे करून पाहणे हेच अर्थशास्त्राचे काम. पण 'तीनाचे चौदा झाले' हे वाक्य मोर्च्यात जसे शोभते तसे हे विवेचन शोभत नाही. अनुशेषाच्या याद्यांत सर्वांत मोठा हिस्सा सिंचनाचा होता. त्या हिश्श्याचा पैसा पुढे गोसीखुर्दसारख्या प्रकल्पांत कसा जिरला, तो इतिहास वेगळा आणि कडू आहे, येथे नको.

थोडक्यात, लोकही न वाचता दाखला देतात आणि विद्वानही. विद्वानांविषयी हे आम्ही हवेत बोलत नाही. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील दोन संशोधकांनी २००३ साली एक मजेदार युक्ती केली. संदर्भ देताना खंड किंवा पृष्ठक्रमांक चुकतो. तीच चूक पुढच्या कितीतरी निबंधांत जशीच्या तशी उतरते. मूळ निबंध उघडला असता तर चूक सुधारली असती. अशा वारसाने आलेल्या चुका मोजून त्यांनी अंदाज बांधला की, दाखला देणाऱ्यांपैकी मूळ लेखन वाचणारे फार तर पाचात एक. विधानभवनात हे प्रमाण किती भरेल? आम्ही अंदाज करत नाही.

प्रभाव मोजावा कसा, या प्रश्नाला एक जुने, नागपूरशी नाते सांगणारे उदाहरण आहे. धनंजयराव गाडगीळ नाशिकला १९०१ साली जन्मले आणि नागपुरात वाढले. केंब्रिजला जाऊन त्यांनी हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवर जो प्रबंध लिहिला, तो १९२४ साली ग्रंथरूपाने आला आणि पुढे कित्येक पिढ्यांनी अभ्यासला. हे झाले उद्धरणांचे गाडगीळ. पण १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिल्यावर त्यांनी जे आरंभले ते पाहा. गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या पट्ट्यात पाणी आल्याने शेतकऱ्याच्या घरात नेमके काय बदलले, याची त्यांनी घरोघर पाहणी करवली. तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर लवकरच त्याच प्रवरेच्या काठी, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले गाडगीळ. ज्या पट्ट्याचे कोष्टक मांडले त्याच पट्ट्यातल्या शेतकऱ्यांच्या सभेत ताळेबंद समजावून सांगण्याची वेळ किती अर्थशास्त्रज्ञांवर येते? हा कारखाना त्या पाहणीचे उद्धरण मानायचा की नाही? पुढे नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष असताना, १९६९ साली, राज्यांना केंद्राचे साहाय्य वाटण्याचे सूत्र त्यांनी बसवले : ६० टक्के लोकसंख्येवर, आणि उरलेले दहा-दहा टक्के दरडोई उत्पन्नातील पिछाडी, करवसुलीचे प्रयत्न, चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीजप्रकल्प आणि राज्यांच्या खास अडचणी यांवर. फेरफार होत होत ते सूत्र नियोजन मंडळ असेपर्यंत 'गाडगीळ सूत्र' याच नावाने चालले. अर्ध्या पानात मावणारे हे लेखन आहे. शोधनिबंध म्हणून कोणी ते स्वीकारले नसते.

नागपूरकरांना आणखी दूर जायला नको. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जावे. रस्त्याच्या कडेला चादरी पसरून पुस्तके मांडलेली असतात आणि लांबून आलेली माणसे भाकरीच्या पिशवीत पुस्तक घालून परततात. त्या चादरीवर एका अर्थशास्त्रज्ञाचे ग्रंथ असतात, हे तेथे उभ्या असलेल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाच्या ध्यानात येतेच असे नाही. रुपयाच्या प्रश्नावरील बाबासाहेबांचा ग्रंथ १९२३ चा, प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील १९२५ चा. त्याआधी, १९१८ साली, भारतातील लहान धारणक्षेत्रांवर त्यांनी एक निबंध लिहिला. शेताचा तुकडा लहान असणे हा रोग नव्हे, भांडवल आणि अवजारे तोकडी आणि शेतीवर पोसली जाणारी माणसे अधिक, हा रोग. त्यावर उपाय उद्योगीकरण, असा त्याचा युक्तिवाद. शेतीवरील अतिरिक्त श्रमिकांच्या ज्या सिद्धान्ताशी आर्थर लुईस यांचे नाव १९५४ पासून जोडले गेले, त्याचे एक अंग येथे छत्तीस वर्षे आधी दिसते. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी दीर्घकाळ त्याची दखल घेतली नाही. दाखल्यांची संख्या ही लेखनाची गुणवत्ता सांगते की दाखला देणाऱ्या मंडळींची वस्ती, असा प्रश्न या निबंधापाशी पडल्यावाचून राहत नाही.

मग करावे काय? आम्हांला मोठी योजना सुचत नाही, दोन लहान गोष्टी सुचतात. एक, सरकारी समित्यांचे अहवाल, विद्यापीठांचे जुने प्रबंध, 'अर्थसंवाद'सारख्या मराठी नियतकालिकांचे अंक यांना नोंद आणि कायमचा क्रमांक मिळावा. हे ग्रंथपालांचे काम आहे, त्याला आयोग लागत नाही, फार पैसाही लागत नाही. दांडेकर समितीचा अहवाल शोधायला अमुक ग्रंथालयात ओळखीने जावे लागते, ही स्थिती त्या अहवालाच्या नावाने चाळीस वर्षे गळा काढणाऱ्या प्रदेशाला शोभत नाही. केळकर समितीचा अहवाल डिसेंबर २०१४ मध्ये याच नागपुरात विधिमंडळासमोर ठेवला गेला. तोही किती जणांनी उघडला? विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली तेव्हा आरडाओरड झाली, पण मंडळांनी जमवलेल्या अभ्यासांचे काय झाले, हे विचारणारा आम्हांला भेटला नाही.

दुसरी गोष्ट वाचण्याची. उमेदवाराने आपले दोन उत्तम निबंध निवडावेत, मराठीत असोत की इंग्रजीत. समितीच्या प्रत्येक सदस्याने ते वाचून एकेक पान मत लिहावे आणि त्याखाली सही करावी. आकडे शेजारी ठेवावेत, अवश्य ठेवावेत. त्यांनी भाच्याला आवर बसतो. पण सहीखाली वाचल्याचा पुरावा हवा.

त्या कापसाच्या शिक्षकांविषयी सांगायचे राहिले. ते त्याच पदावरून निवृत्त झाले. गेल्या वर्षी एकाधिकार खरेदीवर लिहिताना १९८० नंतरच्या काही हंगामांतील चुकाऱ्यांच्या तारखा आम्हांला कोठेच मिळेनात. शेवटी कपाटातून ती पुस्तिका काढली. तारखा होत्या, केंद्रवार, हाताने तपासलेल्या, आणि एका तक्त्याखाली स्वतःच्या आधीच्या लेखातील चूक दुरुस्त केल्याची टीप होती. आम्ही तिचा संदर्भ दिला. नियतकालिकाकडून उत्तर आले की, निबंध स्वीकारार्ह आहे, मात्र संदर्भ क्रमांक १४ ला नोंद नसल्याने तो गाळावा किंवा त्याऐवजी दुसरा द्यावा. दुसरा नाही, असे आम्ही कळवले. निबंध अजून तेथेच पडून आहे.

दरम्यान आणखी एका निवड समितीचे पत्र आले आहे. आम्ही होकार दिला, अट एकच घातली : उमेदवारांचे दोन-दोन निबंध बैठकीच्या आठ दिवस आधी घरी पाठवावेत. त्या पत्राला आज तीन आठवडे झाले. उत्तर नाही.